पाकिटं उघडायचा दिवस

त्या दिवशी आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, म्हणून आम्ही डबा उघडला. आमच्या घरात तो दिवस असाच पाळला जायचा. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. गुंतवणुकीची जी पाकिटं वर्षभर टपालानं यायची ती न फोडता त्यात टाकायची, आणि वर्षातून एकदा, लग्नाच्या वाढदिवशी, दुपारचं जेवण झालं की टेबल पुसून सगळी एकदम फोडायची. बायको शिवणाच्या कात्रीनं एकेक पाकीट कापायची, कागदाची घडी सरळ करून मोठ्यानं वाचायची, मी चहा पीत ऐकायचो. त्याआधीच्या आठवड्यात बाजार जोरात पडला होता. कामावर जो तो त्याबद्दलच बोलत होता. "किती बुडाले?" मी विचारलं. "बुडाले नाहीत, खाली गेलेत," ती म्हणाली, "साहेबांनी तुम्हाला पैशाचं एवढं शिकवलं ते वाया गेलं म्हणायचं," आणि हसली. मग तिनं पुढचं पाकीट कापलं, कागद काढला आणि मोठ्यानं वाचलं नाही. मनातच दोनदा वाचला. पाकीट उलटसुलट करून पोस्टाचा शिक्का पाहिला. "काय गं?" मी म्हटलं. "हे आपल्या डब्यातलं नाही," ती म्हणाली, "दवाखान्याचं आहे. पुन्हा तपासायला बोलावलंय. लगेच या म्हणतायत." शिक्का साडेसात महिन्यांपूर्वीचा होता.

टपाल मी आणायचो. आम्ही चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, टपालाच्या पेट्या खाली जिन्याशेजारी. कामावरून येताना पेटी उघडायची, जाहिरातींचे कागद तिथल्याच टोपलीत टाकायचे, विजेचं बिल खिशात घालायचं, आणि ज्या लांबट पांढऱ्या पाकिटांना समोर पारदर्शक कागदाची खिडकी असते ती वर नेऊन डब्यात टाकायची. हे मी इतकी वर्षं केलं होतं की त्यासाठी डोळ्यांची गरज उरली नव्हती. खिडकी दिसली की डबा. दवाखान्याच्या पाकिटालाही खिडकी होती. कोपऱ्यात दवाखान्याचं नाव निळ्या बारीक अक्षरात होतं, ते मी नंतर कितीतरी वेळा वाचलं. त्या दिवशी वाचलं नव्हतं. तपासणी झाली तेव्हा दवाखान्यात तिला सांगितलं होतं, पंधरा दिवसांत पत्र आलं नाही तर सगळं ठीक आहे असं समजा. सोळाव्या दिवशी ती म्हणाली, "सुटले बाई," आणि आम्ही दोघं बाहेर जेवायला गेलो होतो. आम्ही जेवत होतो तेव्हा पत्र डब्यात होतं.

मला जे विसरता येत नाही ते पत्र नाही, त्यानंतरचं अर्धं मिनिट आहे. तिनं कागद घडी करून पाकिटात परत घातला आणि म्हणाली, "पोस्टात अडकलं असणार. आत्ता कुठं आलं असेल." मी म्हटलं, "असेल." एवढंच. पाकिटं डब्यात एकावर एक पडायची. ती दर वर्षी सगळी थप्पी उलटी करून टेबलावर ठेवायची, म्हणजे जुन्यात जुनं आधी यावं. दवाखान्याचं पाकीट वरून पाचवं निघालं. त्याच्या खाली अजून दहा-बारा होती. ते आत्ता आलेलं असतं तर सगळ्यात शेवटी निघालं असतं. हे मला कळत होतं, आणि थप्पी लावणारी तीच, म्हणजे तिला माझ्याआधी कळलं होतं. तरी ती म्हणाली, पोस्टात अडकलं असणार. तिनं मला वाट काढून दिली आणि मी त्या वाटेनं निघून गेलो. मग तिनं उरलेली पाकिटंसुद्धा फोडली. आवाज तसाच ठेवून सगळे आकडे वाचले. मी एकही ऐकला नाही.

माझा धंदा लिफ्टच्या देखभालीचा. तेहतीस वर्षं केला. शहरातल्या चाळीसएक इमारती माझ्याकडे होत्या, प्रत्येकीत महिन्यातून एकदा जायचं. गच्चीवरच्या खोलीत जाऊन ब्रेक बघायचा, दाराचे विजेचे संपर्क साफ करायचे, आणि लोखंडी दोरांवरून कापड धरून हात फिरवायचा. दोरातली एखादी तार तुटली असेल तर ती कापडात अडकते. डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते. मग भिंतीवरच्या कार्डावर तारीख घालून सही करायची. गेल्या महिन्यात ठीक होतं म्हणून या महिन्यात गेलो नाही, असं एकदाही केलं नाही. ताप अंगावर काढून गेलो. बायको मात्र लिफ्टमध्ये पाऊल टाकायची नाही. कुठंही गेलो तरी ही जिन्यानं. लोक हसायचे, लिफ्टवाल्याची बायको आणि जिना चढते. ती म्हणायची, "तुम्ही बाहेरून बघता, मी रोज जेवताना ऐकते. आज काय तुटलं, उद्या काय तुटणार. एवढं ऐकून कोण बसेल त्या डब्यात?"

साहेब मला लिफ्टमध्येच भेटले. एका मोठ्या इमारतीत नवव्या मजल्यावर लोकांचे पैसे गुंतवणारी कंपनी होती आणि साहेब तिथले सगळ्यात जुने. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली तेव्हा आत ते एकटेच होते. मी सातव्या मजल्यावरून दार थोडं उघडून त्यांच्याशी बोलत होतो. अडकलेली माणसं ओरडतात, शिव्या देतात, एक बाई तर मला शाप देत होती. हे खाली बसून पेपर वाचत होते. म्हणाले, "सावकाश चालू द्या. घाईत केलेली दुरुस्ती मला नको." पंचवीस मिनिटं लागली. त्यानंतर दर महिन्याला माझं काम संपलं की ते मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजायचे. त्यांना लिफ्टविषयी कुतूहल होतं आणि मला वाटायचं एवढ्या मोठ्या माणसाला काय विचारावं, म्हणून मी पैशाविषयी विचारायचो. ते साधं सांगायचे. पगार झाला की आधी बाजूला काढा, उरलेल्यात घर चालवा. वर्षभराचा खर्च बँकेत नुसता पडू द्या, म्हणजे बाजार पडला तरी विकायची पाळी येणार नाही. सगळं एका कंपनीत घालू नका. जे बायकोला समजावून सांगता येत नाही ते घेऊ नका. आणि भाव रोज बघू नका, वर्षातून एकदा बघा. "रोज बघणारा माणूस रोज काहीतरी करतो," ते म्हणायचे, "आणि नुकसान त्या करण्यानं होतं." मी घरी येऊन तिला सांगायचो. ती गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या कडा दुमडत असायची, तोंडात टाचण्या, त्यामुळे नुसती मान हलवायची. एकदा साहेबांनी सांगितलं, पैसे कशासाठी ठेवताय ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर नुसते ठेवतच राहाल. तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, खडूनं एका कापडाच्या तुकड्यावर लिहिलं, तळमजला, दाराशी माती, आणि तो तुकडा डब्याच्या तळाशी ठेवला. पुढच्या वर्षी पाहिलं तर खडू उडून गेला होता. आम्ही पुन्हा लिहिलं नाही. पाठ होतं.

पाकिटं न फोडणं साहेबांनी सांगितलेलं नव्हतं. ते माझं. पहिल्याच वर्षी एक पाकीट तिनं फोडलं, आकडा उतरलेला होता, आणि ती दोन दिवस नीट जेवली नाही. "तुमच्या घामाचे पैसे हो," एवढंच म्हणायची. तेव्हा मी डबा आणला. म्हटलं, आता यात टाकायचं आणि लग्नाच्या वाढदिवसापर्यंत हात लावायचा नाही. तिला ते आवडलं. पुढं आम्हाला त्याचा अभिमानही वाटायला लागला. शेजारचे, नात्यातले, बाजार पडला की विकून मोकळे व्हायचे आणि वर गेला की डोक्याला हात लावायचे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसायचो. न बघणं म्हणजेच शहाणपण असं आमच्या अंगवळणी पडलं. पाठीत चमक आली तर बघू पुढं. छतातून पाणी झिरपलं तर बघू पुढं. तळमजल्याच्या घराएवढे पैसे झाले होते, तिच्या आजाराच्या तीन वर्षं आधीच. तीच म्हणाली होती, "आता घेऊ या का?" मी म्हटलं, चांगलं वाढतंय, आताच कशाला हलवायचं. तीन वर्षं ती चार जिने चढत राहिली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी कागद पाहिले, तारखा पाहिल्या आणि विचारलं, "मधे इतका वेळ का गेला?" मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "पत्र उशिरा मिळालं." डॉक्टरबाई म्हणाल्या, "सात महिन्यांपूर्वी आला असतात तर…" आणि त्यांनी पुढच्या तपासण्या लिहायला घेतल्या. मुलगी दुसऱ्या शहरात असते, ती धावत आली, तिनंही तेच विचारलं आणि हिनं तेच सांगितलं. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे न बघता सांगायची. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. गिऱ्हाइकाला कपडा आज होणार नाही हे सांगतानासुद्धा ती लाल व्हायची. हे मात्र तिनं इतकं साधेपणानं म्हटलं की काही दिवसांनी मलाच खरं वाटायला लागलं असतं, जर ते थप्पीत पाचवं निघालं नसतं.

वीस महिने ती होती. शेवटचे सहा महिने तिला जिना उतरवेना. उपचाराला न्यायचं तर शेजारची दोन माणसं आणि मी, खुर्चीत बसवून, प्रत्येक वळणावर थांबत. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची नेहमी भिंतीला लागायची. एकदा तिथं थांबलो तेव्हा ती म्हणाली, "आता बसले असते हो तुमच्या लिफ्टमध्ये." ती माणसं हसली, मीही हसलो. खुर्चीची मागची बाजू माझ्या हातात होती, त्यामुळे तिला माझं तोंड दिसत नव्हतं. त्या दिवसांत मी तळमजल्याचं एक घर बघून आलो होतो. दाराशी हातभर माती होती. पण बाजार अजून खालीच होता. तोट्यात कशाला विकायचं, सहा महिने थांबू, असं मी मनाशी म्हटलं. तिला विचारलंही नाही. सहा महिन्यांनी बाजार वर आला, चांगला वर आला. ती नव्हती.

सांगायला वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकत नाही. वीस महिने मिळाले. तिचे पाय कोमट पाण्यात ठेवून चोळताना, दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघताना, दुपारी ती पडून असायची आणि मी पडदा ओढून शेजारी बसायचो तेव्हा, दर वेळी वाक्य तयार असायचं. ते पत्र मी डब्यात टाकलं. पाच शब्द. एकदा ती डोळे मिटूनच म्हणाली, "काही बोलणार होतात का?" मी म्हटलं, "नाही, काही नाही." ती म्हणाली, "बरं." ते बरं मला अजून ऐकू येतं. त्यात राग नव्हता. गिऱ्हाईक माप द्यायला येतो म्हणून येत नाही, तेव्हा ती टेप गुंडाळून ठेवताना म्हणायची तसं बरं होतं ते. दहा-बारा दिवसांनी ती गेली.

त्यानंतर अकरा महिन्यांनी मुलीचा फोन आला. तिनं मला न विचारता दवाखान्याकडे तक्रार केली होती. "त्यांचं उत्तर आलंय बाबा. म्हणतात, पत्र वेळेवर टाकलं, आमच्याकडे नोंद आहे. सरळ सरळ खोटं बोलतायत." मी म्हटलं, "जाऊ दे गं आता." "का जाऊ दे? आई काय रस्त्यावर पडली होती का? पत्रं पाठवणारी जी बाई आहे तिला त्यांनी चौकशी संपेपर्यंत घरी बसवलंय. म्हणजे काहीतरी आहेच ना?" मी विचारलं, "घरी बसवलंय म्हणजे?" "म्हणजे कामावर यायचं नाही. पगार अर्धा. बाबा, ते पाकीट तुमच्याकडे असेल ना? त्यावरचा शिक्का हवाय. शिक्क्यावर सगळं कळेल." मी म्हटलं, शोधतो. शोधायचं काय होतं, पाकीट माझ्या कपाटात शर्टांच्या खाली होतं. "मी शनिवारी येतेच," ती म्हणाली, "तुम्ही जेवता ना वेळेवर?" मी म्हटलं, जेवतो.

मी साहेबांकडे गेलो. का गेलो हे तेव्हा माझं मला नीट कळलं नव्हतं. ते आता घरीच असतात, ऐकू कमी येतं, चष्म्याची काच जाड झाली आहे. मला बघून म्हणाले, "या मेकॅनिक. काय अडकलं?" मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो आणि त्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागत होतं. आतल्या खोलीत त्यांची सून होती, तिनंही ऐकलं असणार, कारण भांड्यांचा आवाज थांबला. साहेब म्हणाले, "भाव बघू नका असं मी म्हणालो होतो. पाकीट फोडू नका असं कधी म्हणालो?" "नाही साहेब. ते आमचं आम्ही वाढवलं." "दर वर्षी एकदा नीट बसून बघा, काय बदललंय ते बघा, हेही म्हणालो होतो." "म्हणाला होतात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षं मी लोकांना थांबा म्हणून सांगत आलो," ते म्हणाले. "जे थांबले आणि ज्यांचं भलं झालं ते भेटायला येतात, मुलाबाळांना घेऊन येतात. नको तिथं थांबलेला माणूस कधी आला नाही. तुम्ही पहिलेच." त्यांनी विचारलं, "मुलीला माहीत आहे?" "नाही." "मग माझ्याकडे कशाला आलात?" मी खरं तेच सांगितलं. "वाटलं, तुम्ही म्हणाल, तुमची चूक नाही." "म्हणतो की," साहेब म्हणाले, "तुमची चूक नाही. झालं समाधान?" मी मान हलवली, नाही. "मलाही वाटत नाही तसं," ते म्हणाले. "ती दवाखान्यातली बाई अर्ध्या पगारावर बसली आहे ना? मग थांबू नका."

शनिवारी मुलगी आली. तिनं बॅग खाली ठेवली, खिडक्या उघडल्या, फ्रिज उघडून आत काय आहे ते पाहिलं आणि आईसारखीच बोलायला लागली. "हे काय खाता तुम्ही? हे दूध कधीचं आहे?" मी पाकीट टेबलावर ठेवलं. तिनं ते उचललं, उजेडात धरलं, शिक्का वाचला. तिच्या कपाळावर आठी पडली. "पण यावर तर त्यांच्याच तारखेचा शिक्का आहे. वेळेवर टाकलंय." "हो." "मग मधे कुठं राहिलं?" मी म्हटलं, "बस जरा." ती बसली नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं. खिडकीचं पाकीट, डबा, थप्पीतलं पाचवं. माझा आवाज कापेल असं वाटलं होतं, पण साहेबांकडे मोठ्यानं बोलून आलो होतो त्यामुळे असेल, सरळ निघाला. ती माझ्याकडे बघत होती, पण तोंडाकडे नाही, माझ्या शर्टाच्या बटणाकडे. "तुम्ही टाकलंत." "हो." "न बघता." "हो." "आणि मी त्या बाईला…" ती थांबली. मग तिनं विचारलं, "आई म्हणाली पत्र उशिरा आलं." "तुझ्या आईनं मला सांभाळून घेतलं." "म्हणजे तिला माहीत होतं?" "होतं. त्याच दिवशी कळलं तिला." "आणि तिनं तुम्हाला काहीच विचारलं नाही?" "नाही." "वीस महिन्यांत एकदाही नाही?" मी तिला ते 'काही बोलणार होतात का' सांगितलं. तिनं टेबलाची कड धरली. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड झाकून न घेता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो. तिनं माझा हात झटकला नाही, धरलाही नाही.

दुपारी तिनं माझ्यासमोर बसून दवाखान्याला पत्र लिहिलं. पत्र वेळेवर मिळालं होतं, चूक आमच्या घरात झाली, त्या बाईंचा दोष नाही, त्यांना ताबडतोब कामावर घ्यावं. खाली मी सही केली. सही करताना तारीख घातली, सवयीनं. आम्ही दोघं चार जिने उतरून पोस्टात गेलो, पत्र नोंदणी करून टाकलं, पावती तिनं पर्समध्ये ठेवली. परत येताना ती माझ्यापुढं दोन पायऱ्या चालत होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून तिनं मागं न बघता विचारलं, "आईला हे कधी सांगितलंत का तुम्ही? स्वतःहून?"

"नाही," मी म्हटलं.

ती पुढं चढून गेली. त्या बाईंना पुढच्या आठवड्यात कामावर घेतलं, तसं दवाखान्याचं पत्र आलं. मुलगी दर रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, मी सांगतो. जे तिला सांगितलं, साहेबांना सांगितलं, दवाखान्याला लिहून दिलं, ते माझ्या बायकोला मी सांगितलेलं नाही. ते सांगायचं राहिलं आहे.